गुलाबाचें बदामदूध

तिसऱ्या प्रहरीं चहाचें आधण ठेवलें नाहीं, तर पुष्कळ घरांतील मंडळींना दिवस अपुरा वाटतो. परंतु तोच पेला कित्येकांची रात्रीची झोंप हिरावून घेतो, हेंही खरें. चहा-कॉफींतील कॅफीन हें द्रव्य रुंगे या जर्मन रसायनज्ञानें १८१९ सालीं प्रथम वेगळें काढलें. प्रौढ माणसाच्या शरीरांतून त्याचा निम्मा भाग निघून जाण्यास साधारणपणें पांच तास लागतात. म्हणजे सायंकाळीं पांचच्या चहाचा अर्धा अंश रात्रीं दहालाही उरलेला असतो. ज्यांना हें बाधतें, त्यांनीं पेयच सोडावें असें नव्हे, पेय बदलावें.

उत्तर हिंदुस्थानांत बदाम, बडीशेप व गुलाबपाकळ्या वाटून थंडाई करतात. तिचेंच साधें रूप घरीं सहज साधतें. पंचवीस गोड बदाम रात्रभर पाण्यांत भिजवावे. सकाळीं सालें काढून थोडथोडें पाणी घालीत पाट्यावर अथवा मिक्सरमध्यें अगदीं गंधासारखे वाटावे. मग दोन पेले पाणी मिसळून स्वच्छ मलमलींतून पिळून गाळावें. बदामाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेल असतो. वाटतांना त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि बदामांतील प्रथिनें ते पाण्यांत धरून ठेवतात. दुधासारखा पांढरा रंग येतो तो त्यामुळेंच. कांहीं वेळानें थर वेगळे झाले, तर तें नासलें असें समजूं नये, ढवळून घ्यावें.

गुलाबाचा सुवास उडून जाणारा आहे. पाकळ्या उकळल्यास तो स्वयंपाकघरांत दरवळेल, पेल्यांत उतरणार नाहीं. म्हणून चार सुवासिक गुलाबांच्या धुतलेल्या पाकळ्या अर्धा पेला कढत पाण्यांत घालून झांकण ठेवावें. पाव तासानें गाळावें. अधिक वेळ ठेवल्यास तुरटपणा उतरतो. निवल्यावर हा अर्क, साखर, वेलदोड्याची पूड व कोमट पाण्यांत भिजविलेल्या केशराच्या चार काड्या बदामदुधांत मिसळाव्या. कोको मात्र घालूं नये. त्यांतही कॅफीन असतें.

सावधगिरी तीन गोष्टींत हवी. हारवाल्याकडील फुलांवर कीटकनाशकाचा फवारा असूं शकतो. म्हणून फुलें घरच्या कुंडींतील किंवा खाण्यासाठीं म्हणून विकलेलीं घ्यावीं. फूल सुंदर म्हणून तें खाद्य ठरत नाहीं: अंगणांतील कण्हेर देवाला चालते, पोटाला विषारी आहे. दुसरें, कडू बदामांतून विषारी सायनाइड उत्पन्न होतें. ते मुळींच वापरूं नयेत. तिसरें, बदामाची ॲलर्जी असलेल्यांना तें देऊं नये, आणि तान्ह्या मुलाला तर आईच्या दुधाच्या जागीं कधींच नाहीं. त्यानें बाळाचें पोषण होत नाहीं.

पेय त्याच दिवशीं संपवावें. गाळून उरलेला चोथा टाकण्याचें कारण नाहीं. शिऱ्यांत तो उत्तम लागतो. सायंकाळचें आदरातिथ्य साधावें आणि रात्रीची झोंपही जावूं नये, एवढें या पेल्यांतून खचित साधतें.