सोनं भारी की बिबट्या?

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, आजचा सोन्याचा भाव. दोन, कुठल्यातरी सोसायटीच्या सीसीटीव्हीत पहाटे तीनला टिपलेला बिबट्या. पहिल्यावर ‘बाप रे!’ येतं. दुसऱ्यावरही ‘बाप रे!’च येतं. दोघंही पिवळे, दोघंही देखणे, आणि दोघांपायी माणसं रात्री दार दोनदा तपासतात. म्हटलं, एकदाचा सामना लावूनच टाकू. मुंबई-पुण्याच्या पब्लिकला नेमकं कोण जास्त भारी पडतं?

राऊंड १ : वजन

पूर्ण वाढलेला नर बिबट्या साधारण ५० ते ७० किलोचा. आपण ५५ किलोचा एक स्मार्ट, जिमला न जाता फिट असलेला बिबट्या घेऊ. तेवढ्याच वजनाचं सोनं घेतलं तर? सोन्याची घनता घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. म्हणजे अख्ख्या बिबट्याच्या वजनाचं सोनं तुमच्या घरातल्या तीन लिटरच्या कुकरमध्ये आरामात मावेल. शिट्टी होणार नाही आणि कुकर उचलायला दोघंजण लागतील, एवढंच.

किंमत? एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅमने पहिल्यांदा लाखाचा आकडा ओलांडला. हिशोबाला सोपा म्हणून तोच भाव धरला तरी कुकरमधला ऐवज ५५ कोटींचा. बिबट्याचा भाव मात्र शून्य! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव असल्यामुळे त्याचं कातडं काय, नखसुद्धा विकता येत नाही. राऊंड सोन्याला.

राऊंड २ : ओळखपत्र

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी सक्तीचा झाला. प्रत्येक दागिन्याचा नंबर वेगळा. शेजारी ‘२२के९१६’ असा शिक्का, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध. सराफाकडे भिंग लावून हे बघताना आपण उगाच डिटेक्टिव्ह असल्यासारखा चेहरा करतो.

बिबट्याला हा शिक्का जन्मतःच मिळतो. त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी दुसऱ्या कुठल्याही बिबट्याशी जुळत नाही. इतकंच नाही, त्याची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. म्हणून संशोधक जंगलातल्या वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात आणि फोटोंवरून डोकी मोजतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या लगतच्या भागात २०१८ साली असेच ४७ बिबटे मोजले गेले. उद्यान केवढं? सुमारे १०४ चौरस किलोमीटर. वन बीएचकेत अख्खं खटलं राहतं, तसलाच प्रकार. अस्सल मुंबईकर! शिवाय या नक्षीला घडणावळ नाही, जीएसटी नाही, मोडताना घट नाही. राऊंड बिबट्याला.

राऊंड ३ : परतावा

सोनं घेतलं की आपण काय करतो? लॉकरमध्ये टाकतो. सोनं तिथे झोपतं आणि त्याच्या झोपेचं भाडं दरवर्षी आपण भरतो. वर्षातून दोन लग्नांना ते बाहेर येतं, तेव्हाही हॉलवर आईचं अर्धं लक्ष जेवणात आणि अर्धं पाटल्यांत.

बिबट्या रोज रात्रपाळी करतो. हरणं, रानडुकरं यांच्यासोबत भटकी कुत्रीही त्याच्या मेन्यूत असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंदाज मांडला होता, की या उद्यानाच्या परिसरातले बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्री फस्त करतात आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारभर चावे टळतात. श्वानप्रेमींनी रागावू नये, हा हिशोब मी मांडलेला नाही. पण पगार नाही, पीएफ नाही, अप्रेझल नाही, आणि तरी रोज हजेरी? असा कलीग कुठल्या टीमला नको असेल? राऊंड परत बिबट्याला.

राऊंड ४ : बदली

इथे खरी गंमत आहे, आणि गंमत इथेच संपते.

सोनं कुठेही न्या, ते चिडत नाही. परकीय चलनाच्या संकटात जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी पाठवलं. (हो, बिबटेही ४७च. योगायोग!) त्यातलं एक तोळाही आपल्या पायांनी घरी परत आलं नाही.

बिबट्या येतो. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, जीपीएस कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या महामार्ग, रेल्वेमार्ग, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या जंगलात पोचला. संशोधक विद्या अत्रेय यांच्या टीमने त्याला नाव दिलं ‘आजोबा’. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही आला. पण तो बघायला आजोबा नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला.

‘पकडा आणि लांब सोडून या’ हा सल्ला आपल्याला लॉकर बदलण्याइतका सोपा वाटतो. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात तेच झालं. बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांचं संशोधन सांगतं, की त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा पटकावतो.

हे एसीत बसून लिहिणं सोपं आहे, याची मला कल्पना आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात काही आठवड्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यात दोन मुलं होती. ज्याच्या घराला लागून ऊस आहे, ज्या ऊसतोड कामगाराचं लेकरू पाचटाच्या कोपीत झोपतं, त्याच्यासाठी बिबट्या हा फॉरवर्ड करायचा व्हिडिओ नाही. त्याचा राग खरा आहे. म्हणूनच त्याला ‘एकत्र राहायला शिका’ एवढंच ऐकवून चालणार नाही. घराला पक्कं दार, वाटेवर दिवा, आडोशाचं संडास, गुरांना बंद गोठा, हे आधी द्यायला हवं. सोन्यासाठी आपण तिजोरी, गार्ड, इन्शुरन्स सगळं करतो. एका पोराच्या जिवासाठी साधी कडी लावलेलं दार महाग पडतं का?

आणि शहरात? कचरा उघड्यावर टाकला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हे गणित सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडायला कुणी अडवलेलं नाही. तरीही दिसलाच, तर मोबाइल घेऊन मागे धावू नका. त्याला जायला वाट ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

निकाल

स्कोअर बिबट्याच्या बाजूने २-१, आणि चौथा राऊंड मी कुणालाच देत नाही. तसा हा निकाल आपल्या कॅलेंडरने कधीच लावून ठेवलाय. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणतो. त्याच दिवशी जुन्नर-अकोल्याच्या डोंगरांतले आदिवासी वाघबारस करतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना, माणसांना सांभाळ म्हणून विनवतात. या वाघोबात बिबट्याही येतो. ज्याची भीती वाटते त्याच्याशीच बोलणी करायची, अशी ही जुनी रीत.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. मग आपण सराफाच्या दारात रांग लावायला मोकळे.

आधी वाघ, मग सोनं. क्रम बरोबर आहे.