पिकअप गाडीचा पुढील भाग उंचावताना

पावसाळ्यानंतर ग्रामीण भागातील गॅरेजांतून एक मागणी वारंवार ऐकू येते : "गाडी पुढून जरा उचलून द्या." चोर्ला व अनमोड घाटांच्या पायथ्याशी असलेल्या गावांतून नारळ, सुपारी, काजू व भाजीपाला बाजारात पोहोचविणाऱ्या पिकअप गाड्यांना उखडलेले रस्ते, ओढ्यांचे उतार आणि बागायतीतील दगडी वाटा तुडवाव्या लागतात. गाडीचे पोट दगडाला घासले की मालकाचा जीव कळवळतो, आणि पुढील भाग चार बोटे वर घेतला तर बरे होईल असे त्यास वाटू लागते. ही गरज खोटी नव्हे. परंतु स्टीअरिंग, ब्रेक आणि गाडीचा तोल या तिन्ही गोष्टी ज्या भागावर अवलंबून असतात, त्याच भागास येथे हात घातला जातो. म्हणून गाडी किती उंच होईल यापेक्षा ती कोणत्या मार्गाने उंच होणार आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

गाडी खचली आहे काय?

वर्षानुवर्षे भार वाहून स्प्रिंग थकते आणि गाडी आपोआप खाली बसते. अशा वेळी गाडी उंचावण्याची नव्हे, तर तिची मूळ उंची परत मिळविण्याची आवश्यकता असते. याची परीक्षा सोपी आहे. गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करावी व पुढील चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस टेपने मोजावे. ही मापे त्याच नमुन्याच्या नव्या गाडीच्या मापांशी ताडून पाहावीत. अंतर कमी भरल्यास, किंवा दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक आढळल्यास, उत्पादकाने त्या गाडीसाठी ठरविलेली स्प्रिंग व थकलेले शॉक ॲब्सॉर्बर जोडीने बदलावेत. यात मूळ रचना बदलत नाही. हाच पहिला आणि सर्वांत सुरक्षित मार्ग होय. पुष्कळ गाड्यांचे काम येथेच भागते.

गाडीची रचना ओळखावी

मूळ उंची शाबूत असूनही अडचण राहत असेल, तर पुढील रचना कोणत्या प्रकारची आहे हे प्रथम जाणून घ्यावे. एका गाडीस मानवलेला उपाय दुसऱ्या गाडीस घातक ठरू शकतो.

काही गाड्यांत पुढे अखंड ॲक्सल असून तो पाट्यांवर तोललेला असतो. येथे योग्य बाकाचे, गाडीच्या भारास साजेसे पाटे बसविणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळण्याची युक्ती मात्र पुढील बाजूस कधीही करू नये. ब्रेक लागताच ॲक्सल पिळला जातो. त्या जोराने ठोकळा सरकल्यास स्टीअरिंगवरील ताबाच सुटतो. शिवाय गाडी वर गेली की स्टीअरिंगपासून ॲक्सलकडे येणारा दांडा तिरपा होतो, आणि खड्ड्यात चाक वरखाली होताच गाडी आपोआप एका बाजूस ओढू लागते.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाक दोन आडव्या भुजांवर स्वतंत्रपणे हलते आणि भार टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारी पोलादी दांडी, पेलते. या दांडीचा एक बोल्ट फिरविला की गाडी विनाखर्च वर येते. त्यामुळे हा उपाय फार लोकप्रिय आहे. परंतु बोल्ट फिरविल्याने दांडी अधिक बळकट होत नाही. केवळ भुजा खाली झुकतात व चाकाला खड्ड्यात उतरण्यासाठी असलेला वाव संपतो. मग वरची भुजा प्रत्येक गचक्याला आपल्या अडथळ्यावर आदळते आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात. खचलेली गाडी मूळ मापावर आणण्यापुरताच या बोल्टचा उपयोग करावा.

तिसऱ्या प्रकारात भुजांवर गुंडाळी स्प्रिंग असते. तिच्या माथ्यावर जाड चकती, म्हणजे स्पेसर, बसवून गाडी उचलतात. भुजेच्या तरफेमुळे चकतीच्या जाडीपेक्षा गाडी बरीच अधिक उचलली जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. चाक पूर्ण खाली लोंबले असता बॉल जॉइंट, तसेच चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढील चाकांकडे जाणारे दांडे, ठरलेल्या कोनापलीकडे वाकतात. त्यांची रबरी आवरणे फाटतात व आत चिखल शिरतो. त्यापेक्षा त्याच गाडीसाठी तयार केलेला स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर यांचा जुळलेला संच अधिक विश्वसनीय असतो. तोही अल्प उंचीपुरताच वापरावा. चार-पाच सेंटिमीटरपेक्षा अधिक उंची हवी असल्यास भुजांची जागाच खाली घ्यावी लागते. चासी कापण्याचे व वेल्डिंगचे हे काम गावातील गॅरेजात करण्याजोगे नव्हे.

तोलाचा हिशेब

उदाहरणादाखल, एखाद्या गाडीच्या दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग ७५ सेंटिमीटर असून तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून तितक्याच उंचीवर आहे असे मानू. हे गुणोत्तर १ येते. पुढचा भाग उचलल्यावर मागचाही उचलण्याचा मोह होतो. त्यायोगे गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर गेल्यास गुणोत्तर सुमारे ०.९४ होते, म्हणजे वळणावर गाडी उलथण्यास पूर्वीपेक्षा सहा टक्के कमी जोर पुरतो. मागे मालाची रास उंच रचलेली असेल तर ही घट आणखी वाढते. घाटातील वळणावर जो सावधपणा पूर्वी पुरत होता, तो मग पुरत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करण्यास मालकास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच तत्त्व स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असा बदल अडचणीचा ठरू शकतो. म्हणून मूळ मापापलीकडे जाण्यापूर्वी उत्पादकाचा अधिकृत विक्रेता व वाहतूक खात्याचे कार्यालय यांच्याकडे लेखी विचारणा करावी. विकत घेतलेल्या संचाची पावती म्हणजे परवानगी नव्हे.

काम करून घेताना

केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. दबलेल्या गुंडाळी स्प्रिंगमध्ये प्राणघातक जोर साठलेला असतो, म्हणून ती योग्य हत्याराविना सोडू नये. काम संपल्यावर चाके लोंबती ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना, ते पाहावे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. पुढचा भाग उचलला की दिव्यांचा झोतही वर जातो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तो खाली आणावा. थोडे दिवस गाडी चालविल्यानंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

दगडाला घासलेली गाडी दुरुस्त होते. परंतु वळणावर उलथलेल्या गाडीतील चालक व शेजारी बसलेले त्याचे कुटुंबीय यांची भरपाई कोणत्याही गॅरेजात होत नाही. म्हणून वाहनधारकांनी गाडी उचलण्यापूर्वी टेप हाती घ्यावी, गाडीची रचना ओळखावी आणि मूळ उंचीवर काम भागत असल्यास तेथेच थांबावे.