शैली कुठून येते? : मुंबई आणि परिसरातील चित्रपरंपरेचा आढावा

महाराष्ट्रातील चित्रकलेच्या विद्यार्थ्याची वाटचाल बहुधा शालेय वयातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांपासून सुरू होते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हाताळताना त्याच्या हाताला पहिले वळण लागते, आणि पुढे कलामहाविद्यालयात दोन-तीन वर्षे काढली न काढली तोच त्याने ‘स्वतःची शैली’ दाखवावी अशी अपेक्षा होऊ लागते. चित्रावरची सही झाकली तरी चित्रकार ओळखू यावा, अशी हाताळणीत, आकारात आणि रंगविचारात सातत्याने उमटणारी खूण म्हणजे शैली, असे धरले तर ती खूण केव्हा आणि कशामुळे उमटते हा प्रश्न उरतो. गेल्या दीडशे वर्षांतील मुंबईच्या चित्रकलेचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, शैली शोधायला निघालेल्या चित्रकाराला ती क्वचितच भेटते. मेहनतीने कमावलेले कौशल्य जिथे अपुरे पडते, त्या अडचणीच्या जागी ती घडू लागते.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात 1857 मध्ये झाली. तेथील शिक्षणाचा पाया युरोपीय अकादमिक पद्धतीचा, म्हणजे आधी प्लास्टरच्या प्रतिकृती, मग प्रत्यक्ष मानवाकृती, आणि सर्वत्र छायाप्रकाशाने घनता दाखवण्यावर भर, असा होता. त्याच संस्थेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या, तेव्हा बाह्यरेषेनेच देहाला गोलाई देणारी अगदी वेगळी दृष्टीही विद्यार्थ्यांच्या हाताखालून गेली. कोल्हापूरहून 1890 मध्ये या शाळेत आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर विद्यार्थी आणि पुढे शिक्षक या नात्याने तिथेच घडले. त्या वास्तव्याचा काळ त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनाच्या नावातच आला आहे. त्यांचे मानवाकृतीचे रेखांकन निर्दोष होते. तरीही त्यांची खरी ओळख पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी केलेल्या कामातून झाली, कारण तिथे मॉडेलला तासन्तास बसवून ठेवण्याची सोय नव्हती आणि नेसण्याची पद्धत, पगडीचा घाट, चालण्याची ढब अशा मोजक्या खुणांवरून माणूस उभा करावा लागे. ऑटो रोथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या 1920 मधील ग्रंथातील त्यांच्या स्त्रिया पाहिल्या की हे नेमके लक्षात येते.

माध्यमाच्या मर्यादेतून घडलेली ओळख म्हणून सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे उदाहरण घ्यावे लागते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरला जात नाही, कागदाचा कोरा पांढरेपणाच प्रकाशाचे काम करतो, आणि म्हणून कुठे रंग लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते. एकदा झाकलेला उजेड पूर्वीसारखा परत मिळवता येत नाही. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र, ज्यात तरुणीच्या हातातील दिव्याचा प्रकाश तिच्या बोटांतून लालसर होऊन झिरपतो, त्यांनी साठी उलटल्यावर केले. अनेक जण ते राजा रविवर्मा यांचे समजतात, हे खेदाचे आहे, कारण तैलरंगात काम करणाऱ्या रविवर्म्यांची हाताळणी आणि ही हाताळणी यांतले अंतर विषयापलीकडे जाऊन रंग कसा लावला आहे हे पाहणाऱ्याला सहज कळते.

वासुदेव गायतोंडे यांच्याकडे वळले की प्रश्न अधिक खोल जातो. 1948 मध्ये जे. जे.तून पदविका घेतलेल्या या चित्रकाराची सुरुवातीची चित्रे मानवाकृतींची आहेत. त्यांत भारतीय लघुचित्रांतील सपाट, तेजस्वी रंग आणि पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची खेळती रेषा या दोहोंचा प्रभाव उघड दिसतो, आणि तो लपवण्याचा प्रयत्नही नाही. तरुण चित्रकाराने प्रभावाला घाबरू नये याचा हा उत्तम दाखला आहे, कारण गायतोंडे यांनी क्लेकडून आकारांची उसनवारी करण्यापेक्षा रेषा वस्तूपासून सुटी होऊ शकते ही शक्यता घेतली आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मानवाकृतीच सोडून दिली. त्यानंतर कुंचल्याची जागा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवण्याची व खरवडण्याची पातळ सुरी, यांनी घेतली. कागदाचे कापलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलण्याची रीतही त्यांनी वापरली. हाताची सहज सवय ज्यात उतरते तो कुंचलाच बाजूला पडल्यामुळे शिकलेल्या रेखांकनाला आयता मार्ग उरला नाही. वस्तूचा आधार नसलेल्या त्यांच्या चित्रांतला तोल मात्र त्याच शिक्षणातून आलेला आहे; कौशल्य तिथे नाहीसे झालेले नाही, ते दिसेनासे झाले आहे.

प्रभाकर बरवे यांच्याबाबत अडचण पोटापाण्याच्या कामातून आली. 1936 मध्ये अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले बरवे 1961 ते 1965 या काळात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमाग कारागिरांना नवी संकल्पने पुरवणाऱ्या शासकीय संस्थेत, कामाला होते. कापडासाठीच्या नक्षीत छायाप्रकाश फारसा उपयोगी पडत नाही. आकार पृष्ठभागावर सपाट बसावा लागतो आणि दोन आकारांमधली मोकळी जागा आकाराइतकीच महत्त्वाची ठरते. वाराणसीतच तंत्रमार्गातील प्रतिमांचा संस्कार झाला आणि काही वर्षे त्यांच्या चित्रांत तो ठळक राहिला. त्यांचे मोठेपण असे की, हा संस्कार लोकप्रिय होत असतानाही ते त्यात अडकले नाहीत. पान, शंख, घड्याळ अशा नित्याच्या वस्तू त्यांनी पसरट, जवळजवळ वजनहीन अवकाशात मांडल्या आणि त्यासाठी कुंचल्याचे फटकारे न दाखवणारा, गुळगुळीत वाळणारा एनॅमल रंग निवडला. नक्षीकामाने शिकवलेला सपाटपणा आणि वस्तूंविषयीचे कुतूहल इथे एकत्र आले. बरवे नियमित डायरी लिहीत. ‘कोरा कॅनव्हास’ हे 1990 मधील त्यांचे पुस्तक, आकार, अवकाश आणि वस्तू यांविषयी मराठीत इतक्या स्वच्छपणे क्वचितच लिहिले गेले असल्यामुळे, प्रत्येक कलाविद्यार्थ्याच्या हाती पडायला हवे.

कलाशाळेचा स्पर्शही न झालेले जिव्या सोमा मशे हेच तत्त्व दुसऱ्या टोकाकडून दाखवतात. वारली चित्रपरंपरा सामूहिक आणि विधीशी बांधलेली, त्यातले लग्नचौकाचे चित्रण सुवासिनींचे, आणि साधने म्हणजे गेरूने सारवलेली भिंत व तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनामुळे कागदावर आलेल्या मशे यांनी एकाच पांढऱ्या रंगाची मर्यादा सोडली नाही, तरी मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे, ज्यांत हजारो बारीक रेषा सगळा पृष्ठभाग व्यापतात, दुरूनही त्यांची म्हणून ओळखू येतात. त्रिकोणी धडांच्या माणसांची नक्कल आज हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसते, कारण चिन्ह उचलणे सोपे असते. ती रेषा ज्या सबुरीने ओढली गेली ती सबुरी तशी उचलता येत नाही.

बाजारपेठेचा दाब या इतिहासात नेहमीच राहिला आहे आणि तो सरसकट वाईट मानण्याचे कारण नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे दिवाळी अंकांच्या गर्दीत वेगवेगळी ओळखू येत, आणि दलालांनी तर 1945 मध्ये ‘दीपावली’ हा अंकच सुरू केला. धोका उलट बाजूला आहे. ओळख लवकर मिळाली की तीच पुन्हा पुन्हा पुरवण्याचा मोह होतो आणि शैलीचा साचा बनतो. सय्यद हैदर रझा 1950 मध्ये पॅरिसला गेले, तेथील निसर्गचित्रांनी त्यांना नाव मिळवून दिले, आणि तरीही ज्या बिंदूसाठी ते आज ओळखले जातात तो त्यांच्या चित्राच्या केंद्रस्थानी येईपर्यंत पंचविसांहून अधिक वर्षे गेली.

आजच्या विद्यार्थ्यासमोरची अडचण साधनांच्या टंचाईची नसून विपुलतेची आहे. मोबाइलमधल्या छायाचित्रावरून चित्र काढताना कोन, चौकट आणि सपाटीकरण हे निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेले असतात, त्यामुळे काय गाळायचे हे ठरवण्याची, म्हणजे जिथे शैलीचे बीज पडते ती, संधीच हातून जाते. रेल्वे स्थानकावर, बाजारात, एसटी स्टँडवर बसून हलत्या माणसांची झटपट रेखाटने करण्याची जुनी सवय म्हणूनच टिकायला हवी, आणि एकच विषय पेन्सिल, जलरंग, लिनोकट अशा परस्परविरोधी माध्यमांतून वर्षभर हाताळण्याचा आग्रह शिक्षकांनी धरायला हवा. लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून घेतलेल्या ठशात, जलरंगातली मऊ छटा अजिबात चालत नाही, आणि तिथे विद्यार्थी जो पर्याय स्वतः शोधून काढतो तो त्याच्या वहीतल्या कुठल्याही सफाईदार रेखाटनापेक्षा अधिक त्याचा असतो.