ड्रॉइंग सुधारतं, टीम तिथेच राहते

डिझाइनच्या टीमबद्दल तत्त्वज्ञानाच्या मास्तराने काय बोलावं, अशी शंका मलाही आली होती. पण हा विषय मुळात आमच्याच घरातला. डोनाल्ड शॉन यांनी हार्वर्डला पीएचडी केली ती जॉन ड्यूईंच्या विचारावर (कोलंबियात बाबासाहेबांना शिकवलं तेच ड्यूई), आणि पुढे अभ्यास केला तो आर्किटेक्चरच्या स्टुडिओचा.

शॉन आणि ख्रिस आर्जिरिस यांनी शिकण्याचे दोन प्रकार सांगितले. त्यांचं उदाहरण थर्मोस्टॅटचं. आपण एसी घेऊ. २४ वर लावला, की खोली तापल्यावर तो सुरू होतो, गार झाली की थांबतो. चूक दुरुस्त होते. पण २४च का, हे एसी स्वतःला विचारत नाही. टीमचं पुष्कळदा असंच होतं. क्लायंटने ड्रॉइंग परत पाठवलं, दुरुस्त केलं. पुढच्या कामात पुन्हा तेच. 'पहिलं ड्रॉइंग आपण इतक्या उशिरा का दाखवतो?' हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा, आणि तोच राहून जातो.

का राहतो? १९७४च्या पुस्तकात या दोघांनी एक भेद केला आहे. माणूस सांगतो तो सिद्धांत एक, वागतो तो दुसरा. आणि हा दुसरा ज्याचा त्यालाच सहसा दिसत नाही.

माझंच सांगतो. मी एका अभ्यासक्रम समितीचा अध्यक्ष होतो. तेही डिझाइनच म्हणा. दर बैठकीत म्हणायचो, 'मोकळेपणाने बोला.' आणि मसुदा मीच मांडायचो, त्याची बाजूही मीच लढवायचो. तीन वर्षं कोणी हरकत घेतली नाही. मी समजलो, एकमत आहे. निवृत्तीनंतर एक धाकट्या सहकारी घरी आल्या. म्हणाल्या, "सर, तर्कशास्त्राचा पेपर पहिल्याच सत्रात मुलांना झेपत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारायचात सर, पण थांबायचा नाहीत."

त्या तीन वर्षांत किती मुलांनी विषय सोडला, ते मी कधी मोजलं नाही.

म्हणून सांगतो, काम संपलं की तासभर बसा, पण ड्रॉइंग टेबलावर नको. नाहीतर चर्चा रेघांवरच जाते. आधी प्रत्येकाने आपापलं लिहायचं, मग धाकट्यापासून वाचायचं, प्रमुखाने सर्वांत शेवटी. दहा सुधारणा ठरवू नका, एक ठरवा. आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तिथूनच करा: ती केली का, आणि केल्यावर काय झालं?