यांत्रिक फुलपाखरू : नवशिक्याच्या रचनेतील विद्युत्पुरवठ्याचा प्रश्न

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथील संग्रहालयात अठराव्या शतकातील एक यांत्रिक बालचित्रकार आहे. झाके-द्रोझ पितापुत्रांच्या कार्यशाळेत १७६८ ते १७७४ ह्या काळात तयार झालेल्या तीन यंत्रपुतळ्यांपैकी तो एक होय. तो जी चार चित्रे काढतो त्यांपैकी एकात फुलपाखराने ओढलेल्या रथात क्युपिड बसलेला दिसतो. ह्या पुतळ्याच्या हाताला शक्ती मिळते ती स्प्रिंगपासून. हालचालीचा आकार मात्र कॅमच्या कडेवरील चढउतारांत साठविलेला असतो. शक्ती आणि आज्ञा ह्यांचा हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच आजच्या नवशिक्याचे यांत्रिक फुलपाखरू बहुधा अडखळते.

अशा फुलपाखराची रचना साधी असते. कागदाचे दोन पंख धडाला बिजागरीने जोडतात व एका लहान सर्व्होमोटरची भुजा बारीक तारांच्या साहाय्याने ते वरखाली करते. कॅमची जागा येथे सूक्ष्मनियंत्रक घेतो. तो दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युत्स्पंद पाठवितो. स्पंदाचा कालावधी सुमारे १ ते २ मिलिसेकंदांच्या दरम्यान असतो व त्यावरून भुजेचा कोन ठरतो, १.५ मिलिसेकंदाच्या स्पंदाने ती मध्यभागी येते.

मोटरचे बळ अपुरे पडेल, ही शंका सहज येते. परंतु ती निराधार आहे. दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचा ५० चौरस सेंटिमीटरचा पंख केवळ ०.४ ग्रॅम भरतो. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४ सेंटिमीटरवर धरल्यास दोन पंखांचे परिबल ३.२ ग्रॅम-सेंटिमीटर होते. उलट, ९ ग्रॅम वजनाची प्रचलित सर्व्होमोटर ४.८ व्होल्टला सुमारे १,८०० ग्रॅम-सेंटिमीटर परिबल देऊ शकते. हवेचा व बिजागरीचा विरोध जमेस धरला तरी बळ मुबलक उरते.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. भुजा वेगाने हलू लागताना किंवा अडकली असता मोटर काही शेकडा मिलिअँपिअर प्रवाह ओढते. अर्डुइनो उनोच्या एका टाचणीतून मात्र २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह घेऊ नये, असा संकेत आहे. ९ व्होल्टच्या लहान चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध अधिक असल्याने अशा मागणीसरशी तिचा दाब खाली येतो. दाब ठराविक मर्यादेखाली गेला की सूक्ष्मनियंत्रक बंद पडून पुन्हा आरंभापासून काम सुरू करतो. फुलपाखरू जागच्या जागी थरथरते, आणि नवशिक्या निर्दोष आज्ञावलीत दोष शोधीत बसतो.

दोष कोठे आहे हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. मोटर सोडवून आज्ञावलीने एखादा दिवा उघडझाप करवावा. दिव्याचा क्रम अखंड चालतो, परंतु मोटर जोडताच तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, असे आढळल्यास दोष पुरवठ्याचा समजावा. मग मोटरला १.२ व्होल्टच्या पुनर्भरणीय अशा चार घटांचा स्वतंत्र पुरवठा द्यावा, त्यावर ४७० मायक्रोफॅराडचे धारित्र योग्य ध्रुवता राखून जोडावे, आणि दोन्ही मंडलांच्या ऋण तारा एकत्र कराव्यात. ही शेवटची जोडणी राहिल्यास स्पंदाला परतीचा मार्ग मिळत नाही व मोटरला आज्ञेचा अर्थ लागत नाही.

सारांश, सूक्ष्मनियंत्रकाने पंखांना केवळ मार्ग दाखवावा; ते उचलण्याचे श्रम दुसऱ्या घटमालेवर सोपवावेत.