‘सीट फुल’ कुणी केली?

कॉलेज सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोच एफवायच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओई’चा, म्हणजे ओपन इलेक्टिव्हचा गूगल फॉर्म पडतो. ज्याचं नेट धड चालतं त्याला फोटोग्राफी मिळते. लोकलमध्ये रेंज गेलेला घरी पोचेपर्यंत उरतं ते ‘व्यवसाय संघटन’. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी गर्दी.

‘‘मॅडम, माझं बदलून द्या ना.’’
‘‘लिंक बंद झाली बाळा. आता अर्ज लिही, विभागप्रमुखांची सही आण.’’

मुलं सर्व्हरला शिव्या घालतात. पण खरी मेख फॉर्म उघडण्याच्या कितीतरी आधी मारलेली असते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही सत्राला २० ते २२ श्रेयांकांची रचना आली. मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस... आद्याक्षरांचा हा बाजार समजून घेताना प्राध्यापकांचीही दमछाक झाली. त्यात ओई घ्यायचा तो मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचाच. कल्पना झकास! पण कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्हीकडची मुलं एका वर्गात आणायची तर सगळ्यांच्या वेळापत्रकात एकच तास मोकळा हवा. विज्ञानाची दुपार प्रॅक्टिकलमध्ये जाते, म्हणून हा ‘कॉमन स्लॉट’ बहुधा भल्या सकाळी. त्या वेळेला जितक्या खोल्या रिकाम्या, तितकेच ओई. खोलीत जितके बाक, तितक्याच जागा.

दुसरी गोष्ट वर्कलोडची. कॉलेजमध्ये हा शब्द देवाच्या नावाइतका घेतला जातो. दोन श्रेयांकांचा थिअरी विषय म्हणजे सत्रात ३० तास, आठवड्याला साधारण दोन. ज्या विभागाचे तास कमी पडताहेत त्याला ओई देऊन भरपाई होते, कारण तास घटले की पद धोक्यात येतं. जिथे पदं रिकामी आहेत तिथे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर भिस्त. म्हणजे ओईच्या बास्केटमध्ये, विषयांच्या यादीत, काय ठेवायचं, हे मुलांना काय शिकायचंय यापेक्षा कुणाचे तास भरायचेत यावर ठरतं. प्राध्यापकांना यात दोष देऊन उपयोग नाही. भरती रखडल्यावर त्यांनी करायचं तरी काय? मात्र याला ‘विद्यार्थ्याची निवड’ म्हणणं ही शुद्ध थाप आहे. नुसती कला शाखा असलेल्या तालुक्याच्या कॉलेजात तर शाखेबाहेरचा विषय शिकवणारा माणूसच नसतो.



खोल्या आणि शिक्षक एका रात्रीत वाढणार नाहीत, हे मान्य. पण असलेल्या जागा वाटायला घड्याळ कशाला हवं? अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात यांतली बरीच मुलं दहापर्यंत पसंतीक्रम भरून आलेली असतात. ओईला तीन पसंती घ्याव्यात, फॉर्म दोन दिवस उघडा ठेवावा, जागांचा आकडा आणि तासाची वेळ आधी फलकावर लावावी आणि मागणी जास्त झाली तर सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकाव्यात. त्याला नवा सर्व्हर लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.