जोतं आधी, भिंती मग

परसातल्या लिंबाजवळ खड्डा घेतला तेव्हा एप्रिल संपत आला होता. माळव्याची काळी माती इतकी भेगाळली होती, की एका भेगेत हाताचा पंजा उभा गेला. पाऊस पडला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वर जे काही उभं असेल ते उचलू पाहते. खड्डा छातीएवढा झाला तेव्हा कुठे पिवळा मुरूम लागला. मिस्त्रींनी त्यावर पहार आपटून पाहिली आणि म्हणाले, "मैडम, पहले इसका हिसाब कर लो. दीवार तो फिर किसी भी चीज़ की लगा लेना."

राजेंद्रनगरातल्या आमच्या घराच्या मागे सासूबाईंसाठी एक खोली आणि न्हाणीघर काढायचं होतं. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, आणि जिना आता त्यांना झेपत नाही. इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांमध्ये, राजेंद्रनगर काय किंवा लोकमान्यनगर काय, घरामागे थोडी तरी मोकळी जागा राहिलेली असते. म्हातारी माणसं घरात असली की त्या जागेकडे लक्ष जातंच. खोली हवी होती पावसाच्या आत. त्यामुळे घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे विटांचीच बांधू, दुसरा म्हणे आता तयार पॅनलची खोली आठवड्यात उभी राहते.

पॅनलवाल्यांचा एक युक्तिवाद आधी बाजूला काढते. "हे टेंपररी आहे, नकाशा पास करायला नको," असं विकणारे सर्रास सांगतात. ते खरं नाही. मध्य प्रदेश भूमी विकास नियम 2012 मध्ये इमारत कशाची बांधली आहे याने सूट मिळत नाही. प्लॉटभोवती सोडायची जागा, जिला इंदुरात सगळे एमओएस म्हणतात, ती विटांच्या खोलीलाही सोडावी लागते आणि पत्र्याच्या खोलीलाही. आमचा परस खोल असल्यामुळे ती सोडूनही जागा उरत होती. जिथे उरत नाही, तिथे पॅनल आणि वीट हा प्रश्नच येत नाही.

दुसरा युक्तिवाद वजनाचा. खोली हलकी, म्हणून पाया नको. चार ठोकळे ठेवा आणि वर केबिन टेकवा. मुरमाच्या जमिनीवर हे चालेलही. काळ्या मातीत उलट होतं. भारी इमारत आपल्या भाराने फुगणाऱ्या मातीला काही अंशी दाबून धरते. हलक्या बांधकामाला माती सहज उचलते, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. एक कोपरा वर येतो, दार चौकटीत अडकायला लागतं, सांध्यातून पाणी शिरतं. इंदूरच्या जुन्या घरांची आवारभिंत पाहिली तर हे समजतं. घर धड असतं आणि भिंत मात्र लाटेसारखी वाकलेली. अशाच मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर बुंध्याचे पाइल विकसित केले. माती ऋतूप्रमाणे हलते त्या थराच्या खाली ते जाऊन बसतात. आम्हाला मुरूम लवकर लागला, म्हणून तिथपर्यंत काळी माती काढून मुरूम थराथराने कुटून भरायचं आणि वर काँक्रीटची पट्टी घालून जोतं उचलायचं ठरलं. हे काम कुठल्याही कारखान्यात होत नाही. पॅनलची खोली घेतली तरी हे जागेवरच करावं लागतं, आणि 'आठवड्यात खोली' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हे दिवस धरलेलेच नसतात.

सांवेर रोडच्या औद्योगिक भागात पॅनल कापताना पाहिलं. दोन रंगीत पत्र्यांमध्ये दोन रसायनं सोडतात, ती एकमेकांत मिसळली की फेस फुगतो आणि पत्र्यांना घट्ट धरून कडक होतो. हाच पफ. पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, मधला थर 50 मिलिमीटरचा. दहा फुटांचं पॅनल दोन पोरं सहज उचलत होती. काठाला एका बाजूला जीभ, दुसऱ्या बाजूला खाच. एक पॅनल दुसऱ्यात सरकवून हाताच्या तळव्याने ठोकलं की बसलं. कापलेल्या कडेवर बोट फिरवलं तर पिवळा भुगा हाताला लागला. या भुग्यानेच मला सावध केलं. पफ जळतो. स्वयंपाकाची शेगडी किंवा देवघरातली समई ठेवायची असेल तर रॉकवूल भरलेलं पॅनल मागावं. ते जड आणि महाग असतं, पण पेटत नाही. आमच्याकडे समई रोज लागते.

उन्हाच्या बाबतीत मात्र पॅनल सरस आहे. 50 मिलिमीटरच्या पफमधून जितकी उष्णता आत येते, तिच्या चौपटीहून जास्त नऊ इंची विटेच्या भिंतीतून येते. पण वीट तापायला वेळ लावते आणि निवायलाही. मे महिन्यात दुपारी विटेची खोली बरी वाटते आणि रात्री दहाला भिंतीला पाठ टेकवली की ऊब लागते. पॅनलची खोली खिडकी उघडली की निवते, आणि माळव्यातल्या रात्री निवतातच. ज्या खोलीत माणूस दिवसभर पडून असणार तिथे ही गोष्ट पैशांइतकीच तोलून पाहावी.

विटेच्या कामाचा वेळ पाणी आणि माणसं ठरवतात. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला निदान 10 दिवस ओल हवी, असं भारतीय मानक 456 सांगतं. नर्मदेचं पाणी खाली जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून पाचशे मीटरहून जास्त वर चढवून इंदुरात आणलं जातं आणि नळाला एक दिवसाआड येतं. ते भिंतीवर ओतायला मन धजत नाही. बोअर उन्हाळ्यात हात आखडतं. आणि मजूर झाबुआ, अलीराजपूर, धारचे. होळीआधी भगोरियाला ते गावी जातात, जायलाच हवं. पहिला पाऊस झाला की सोयाबीनच्या पेरणीला जातात. या दोन्हींच्या मधल्या काळात जे उरकेल तेच काम उरकतं.

मग तयार भिंतींनी वेळ खरंच वाचतो का? इंदूरनेच याचा मोठा प्रयोग पाहिला आहे. 1 जानेवारी 2021 रोजी देशातल्या सहा शहरांत लाइट हाऊस गृहप्रकल्पांची पायाभरणी झाली. इंदूरचा कनाडिया भागात, 1024 घरांचा. पोलादी सांगाडा आणि त्यात सँडविच पॅनलच्या भिंती: दोन बाजूंना सिमेंटच्या पातळ पाट्या आणि मध्ये थर्माकोलचे दाणे मिसळलेलं सिमेंट. गिलावा नाही, पाणी मारणं नाही. घरं वर्षभरात होतील असं जाहीर झालं होतं. लोकार्पण 5 ऑक्टोबर 2023 रोजी झालं. मधे कोविडची दुसरी लाट येऊन गेली, हे विसरून चालणार नाही. तरीही भिंत लवकर उभी राहते म्हणून घर लवकर उभं राहतंच असं नाही. पाया, जलवाहिनी, ड्रेनेज, वीज, रस्ता यांना त्यांचा वेळ लागतोच.

याच शहरात याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी अरण्य वसाहत आखली. 1989 मध्ये ती पूर्ण झाली, 1995 मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. गरीब कुटुंबांना तिथे पूर्ण घर दिलंच नाही. जोतं, शौचालय-न्हाणीचा गाभा, पाणी आणि ड्रेनेजची जोडणी दिली. भिंती आणि मजले ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायचे. नमुन्यादाखल 80 घरं तेवढी बांधून दाखवली. आज त्या गल्ल्यांतून फिरलं तर कुठे दोन मजले, कुठे तीन, कुठे खाली दुकान. दोशींना 2018 मध्ये वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा जगाने त्यांच्या ज्या कामांची आठवण काढली, त्यांत हेही होतं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: जमिनीला आणि पाण्याला जोडलेलं जे काही आहे ते आधी पक्कं करा, मग वरचं कशाचंही होऊ द्या.

आम्ही तेच केलं. जोतं आणि न्हाणीघर विटांचं, खोली रॉकवूल पॅनलची. न्हाणीघर विटांचं करण्याचं कारण आधाराच्या दांड्या. आज कमोडच्या उजवीकडे दांडी हवी, उद्या नळाजवळ लागेल, परवा चाकांची खुर्ची आली की सगळ्याच खाली घ्याव्या लागतील. नऊ इंची विटेत कुठेही भोक पाडून अँकर ठोकता येतो आणि माणसाचा पूर्ण भार त्यावर देता येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात तसं चालत नाही. तिथे मागून पट्टी हवी आणि तिची जागा कारखान्यात आधीच सांगावी लागते. म्हातारपण आधी सांगून येत नाही.

तयार केबिन की सुटी पॅनलं, हा शेवटचा निर्णय घराच्या बाजूच्या तीन फुटी बोळाने करून टाकला. केबिन आणायची असती तर हायड्रा क्रेनने घरावरून, विजेच्या तारांवरून उचलावी लागली असती. मीटरभर रुंदीची पॅनलं मात्र आडव्या कडेवर धरून, पावसाळी पाण्याच्या पाइपाजवळ जरा तिरकी करून आत गेली. जोत्यावर दोरीने आखून आधी लोखंडी चॅनल बसवलं, त्यात एकेक भिंत उभी राहिली. छपराचा उतार मुद्दाम परसाकडे ठेवला, म्हणजे पाणी जुन्या घराच्या पायाशी साचणार नाही.

आता लक्ष ठेवायचं ते एकाच जागी. विटेची भिंत आणि पॅनल जिथे भेटतात तिथे पत्र्याची पट्टी आणि सिलिकॉन आहे. वीट आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत, त्यामुळे तो सांधा कधी ना कधी उघडणार. दर वर्षी रोहिणी लागायच्या आत शिडी लावून तो तपासायचा आणि लागेल तिथे सिलिकॉन खरवडून पुन्हा भरायचं, असं मिस्त्रींनी बजावून ठेवलं आहे.